ईशापूरच्या थ्री-नॉट-थ्री रायफलींची तपासणी : प्रकल्प नोंदी, नागपूर

१६ जानेवारी २०२५

संस्थेच्या संग्रहातील निकामी केलेल्या तीन ली-एनफील्ड रायफलींची नव्याने नोंद करण्याचे काम आज सुरू झाले. जुन्या नोंदवहीत पहिल्या रायफलीसमोर ‘१९४२, ईशापूर, मूळ स्थितीत’ एवढीच ओळ आहे आणि दालनातील फलकावर तीच उतरली आहे. वर्ष आणि कारखाना (बंगालमधील ईशापूरचा सरकारी रायफल कारखाना) रायफलीवरच कोरलेला असल्यामुळे त्याबद्दल वाद नाही. मात्र ‘मूळ स्थितीत’ या विधानाला आधार काय, हे नोंदवहीत कुठेही लिहिलेले नाही. सैन्याने वापरून निकालात काढलेली रायफल बहुतेक वेळा कारखान्यातून निघाल्यापासून एकदा तरी दुरुस्तीच्या टेबलावर गेलेली असते. त्यामुळे या प्रकल्पापुढचा प्रश्न असा आहे की दुरुस्ती झाली असेल तर ती कधी झाली, किती खोलवर झाली, आणि ती सरकारी शस्त्रशाळेत झाली की सेवेबाहेर पडल्यावर कुणी तिला चकचकीत केले.

.३०३ बोअर भारतात प्रतिबंधित वर्गात मोडतो. म्हणून रायफली निकामी असल्या तरी कुलूप-किल्लीचा आणि हजेरीचा नियम शस्त्रागारासारखाच पाळायचा, प्रत्येक वेळी दोन माणसे हजर ठेवायची आणि हाताळण्यापूर्वी बोल्ट, म्हणजे नळी मागून बंद करणारा सरकता दांडा, काढून नळी तपासायची, असे ठरले. दुसरा नियम मी स्वतः घातला आहे. पूर्ण छायाचित्रण होईपर्यंत एकाही भागाला तेल, फडके किंवा ब्रश लावायचा नाही. धूळ आणि जुने ग्रीससुद्धा पुरावा असतात.

२० जानेवारी

दिवा जवळजवळ आडवा धरून, बाजूने पडणाऱ्या उजेडात पहिल्या रायफलीवरचे सर्व ठसे टिपले. कुंद्याच्या पट्ट्यावर, म्हणजे बोल्टच्या मुठीखालच्या रुंद लोखंडी भागावर, राजमुकुट, ‘जीआरआय’, ‘ईशापूर’, १९४२ आणि ‘एसएचटी. एल.ई. थ्री-स्टार’ असा क्रम आहे. जीआरआय म्हणजे जॉर्ज, राजा आणि सम्राट; शेवटची अक्षरे म्हणजे शॉर्ट ली-एनफील्ड, मार्क थ्री-स्टार. मार्क थ्री-स्टार हा प्रकार पहिल्या महायुद्धात, १९१६ मध्ये आला. उत्पादन लवकर व्हावे म्हणून मार्क थ्रीमधील मॅगझिन कट-ऑफ (मॅगझिनमधली काडतुसे अडवून ठेवणारी पट्टी), लांब पल्ल्यावर नेम धरण्याचे व्हॉली साइट आणि मागच्या साइटची आडवी सरकण्याची सोय त्यात वगळली गेली.

लक्ष वेधून घेतो तो मुकुट. त्याच्या कडा चपट्या झाल्या आहेत आणि ‘ईशापूर’मधील पहिल्या दोन अक्षरांची खोली बाकीच्या अक्षरांपेक्षा कमी आहे. हाताळून झालेली झीज उंचवट्यांवर आणि कोपऱ्यांवर पडते. इथे मात्र सपाट भागावरची अक्षरेही एका बाजूने उथळ झाली आहेत, आणि हे पॉलिशच्या चाकाचे किंवा पट्ट्याचे काम असते. याच पट्ट्यावर, वर्षाच्या खाली, दुसऱ्या हाताने मारलेला ‘एफआर ५४’ असा लहान ठसा आहे. त्याच्या कडा मुकुटाच्या तुलनेत धारदार आहेत. एफआर म्हणजे फॅक्टरी रिपेअर; कारखान्यातील दुरुस्तीची ही खूण ईशापूरच्या रायफलींवर पुष्कळ वेळा आढळते. ब्रिटिश आणि ऑस्ट्रेलियन रायफलींवर संपूर्ण दुरुस्तीसाठी ‘एफटीआर’ ही अक्षरे येतात.

नोंदवही लिहिणाऱ्याला हा ठसा दिसला नसावा, कारण त्यावर काळ्या रंगाचा थर आहे. पण केवळ ठसा सापडला म्हणून काम संपले, असे मानता येणार नाही. ठसा मारायला एक हातोडी आणि चार पंच पुरेसे असतात. ठशाच्या म्हणण्याला बाकीच्या भागांची साथ मिळते का, हे पाहणे हेच खरे काम आहे.

४ फेब्रुवारी

आज क्रम लावण्याचे काम केले. माझ्या मते या साऱ्या तपासणीत सर्वांत जास्त सांगून जाणारी गोष्ट हीच आहे. भिंगाखाली कुठलाही ठसा पाहताना एकच विचारायचे: आधी ठसा की आधी धातूवरचा संरक्षक लेप? ठसा आधी मारला असेल तर लेप त्याच्या तळापर्यंत सारखा उतरलेला दिसतो. लेपानंतर मारला असेल तर कडेला धातू किंचित उचललेला असतो, तिथे लेप तडकतो आणि तळाशी उघडे पोलाद किंवा त्यावरचा नंतरचा गंज दिसतो.

गंजाच्या खड्ड्यांनाही हाच नियम लागू होतो. पहिल्या रायफलीच्या रिसीव्हरवर (बोल्ट ज्यात सरकतो तो मुख्य भाग; कुंद्याचा पट्टा त्याचाच), लाकडाने झाकल्या जाणाऱ्या रेषेच्या किंचित खाली, बारीक खड्ड्यांची एक पट्टी आहे. हे खड्डे आतून काळे आणि गुळगुळीत आहेत, म्हणजे गंज आधी पडला, तो साफ झाला आणि मग रंग चढला. रायफल नवी असताना कोणताही कारखाना खड्डे पडलेला रिसीव्हर निरीक्षकापुढे ठेवणार नाही. त्यामुळे हा लेप १९४२ चा नाही, एवढे आज ठामपणे लिहिता येते.

लेपाचा प्रकारही पाहिला. जुने ब्लूइंग, म्हणजे पोलादावर रसायनाने आणलेला निळसर-काळा थर, पातळ असते आणि त्याखाली घासकामाच्या रेषा दिसतात. फॉस्फेटचा थर राखाडी, बारीक स्फटिकांचा आणि बोटाला किंचित खरखरीत लागतो. रंगाला जाडी असते. तो कोपऱ्यांत साचतो आणि आघात झाला तर कपची निघते. इथे कपची निघालेल्या जागी खाली राखाडी स्फटिकांचा थर दिसतो, म्हणजे फॉस्फेटवर काळा रंग. युद्धोत्तर काळात ब्रिटिश आणि भारतीय दुरुस्ती-कारखान्यांनी हाच मार्ग धरला होता.

एका सहकाऱ्याने ॲसिटोनचा बोळा लावून पाहण्याची सूचना केली. साध्या रंगाची त्याने लगेच ओळख पटते, पण भाजून पक्का केलेला रंग ॲसिटोनला फारशी दाद देत नाही. म्हणजे नकारात्मक निकालातून काहीच सिद्ध होणार नाही आणि होकारात्मक निकालात पुराव्याचाच एक तुकडा पुसला जाईल. मी ती चाचणी नाकारली.

११ फेब्रुवारी

नळी. पहिल्या रायफलीचा निकाल बव्हंशी आज लागला.

मागचे साइट वर उचलले आणि नळीच्या मुळाशी, डाव्या अंगाला, निरीक्षणाचे ठसे पाहिले. रिसीव्हरवर राजमुकुट आहे, पण नळीवर अशोकस्तंभाची सिंहमुद्रा आहे आणि तिच्याजवळ ‘५३’ हा आकडा आहे. सिंहमुद्रा राष्ट्रचिन्ह म्हणून २६ जानेवारी १९५० रोजी स्वीकारली गेली. ब्रिटिश राजवटीत ती कुठल्याही नळीवर असण्याचा प्रश्नच येत नाही. सम्राटाच्या काळातील रिसीव्हरला प्रजासत्ताकाच्या काळातील नळी बसवलेली आहे, आणि नळीवरचे वर्ष ‘एफआर ५४’ या खुणेच्या अगदी अलीकडचे आहे. दोन वेगवेगळ्या भागांवरचे, वेगवेगळ्या हातांनी मारलेले ठसे एकमेकांना दुजोरा देत आहेत.

नळी बदलणे हे पलटणीतल्या आर्मररचे, म्हणजे शस्त्रदुरुस्ती करणाऱ्याचे, काम नाही. जुनी नळी उघडायची, नवी नेमक्या जागी कसायची, मग कार्ट्रिजच्या बैठकीची खोली मापायची, प्रूफ फायर करून (जादा दाबाचे काडतूस झाडून मजबुती तपासून) पुन्हा निरीक्षणाचा ठसा घ्यायचा, हे सारे यंत्रे आणि गेज असलेल्या ठिकाणीच होते. .३०३ साठी हेडस्पेसचे, म्हणजे याच खोलीचे, सैनिकी गेज ०.०६४ आणि ०.०७४ इंचांचे असतात. पहिल्यावर बोल्ट बंद व्हायला हवा आणि दुसऱ्यावर बंद होता कामा नये. आमच्या रायफलीची चेंबर निकामी करताना बुजवली असल्यामुळे हे माप घेता येत नाही. नळीच्या तोंडाकडून मात्र थोडे अंतर दिसते. डावीकडे वळत जाणाऱ्या पाच खाचा स्पष्ट आहेत आणि त्यांच्या कडा तीक्ष्ण आहेत.

नळीचे तोंड गोल आहे, हेही लिहून ठेवतो. नळी साफ करायची पुल-थ्रूची दोरी वर्षानुवर्षे तिरपी ओढली की तोंडाशी एका बाजूला घसारा पडतो. तो इथे नाही. रिसीव्हरवर गंजाचे खड्डे आहेत आणि त्याच रायफलीची नळी जवळपास कोरी आहे. एवढी विसंगतीसुद्धा, सिंहमुद्रा नसती तरी, शंका घ्यायला पुरेशी ठरली असती.

२५ फेब्रुवारी

कामठीला स्थायिक झालेले एक निवृत्त सुभेदार साहेब आज संस्थेत आले. त्यांची सारी नोकरी शस्त्रदुरुस्तीत गेली. त्यांच्यासमोर तिन्ही रायफली मांडल्या आणि आमची अनुमाने मुद्दाम सांगितली नाहीत.

त्यांनी आधी ठसे पाहिलेच नाहीत, स्क्रू पाहिले. “हे पाय ना बाप्पा, पेचकस मापाचं असलं न, तर खाच कधी फाटत नाही. हे काम आर्मररचं आहे. अन् हे दुसऱ्या रायफलीचं पाय, हे घरगुती पेचकसानं केलेलं आहे.” पहिल्या रायफलीच्या स्क्रूंच्या खाचा सरळ आहेत आणि त्यांच्या तळाशीही रंग आहे. दुसरीच्या खाचा फाकलेल्या आहेत आणि त्यांत पिवळसर व्हार्निश साचलेले आहे. स्क्रूंकडे मी आतापर्यंत अनुषंगाने पाहत होतो. यापुढे ते तपासणीच्या पहिल्या टप्प्यात घेतले जातील.

‘दुरुस्ती’ या एका शब्दाखाली किती पायऱ्या आहेत, हेही त्यांच्या बोलण्यातून नीट उलगडले. पलटणीचा आर्मरर स्प्रिंग, स्ट्रायकर, स्क्रू, साइट असे भाग बदलतो, लाकडाला तडा गेला तर तो भरतो आणि रायफल त्याच जवानाच्या हाती परत जाते. वरच्या वर्कशॉपमध्ये बोल्टहेड, म्हणजे बोल्टचे पुढचे टोक, बदलून हेडस्पेस साधला जातो, कुंदा बदलला जातो. कारखान्यातील संपूर्ण दुरुस्तीत रायफल उघडून तिचा प्रत्येक भाग गेजवर तपासला जातो, नापास भाग बाद होतो, धातूवर नवा लेप चढतो, जुळणी आणि प्रूफ नव्याने होते. यापैकी फक्त शेवटची पायरी रायफलीचे बाह्यरूप पूर्णपणे बदलते. म्हणून आमच्या नोंदीच्या नमुन्यात ‘दुरुस्त : होय / नाही’ असा रकाना ठेवण्यात अर्थ नाही, कोणत्या पायरीची दुरुस्ती, हे लिहिले पाहिजे. नमुना आजच बदलला.

१२ मार्च

क्रमांक. या रायफलींवर तोच अनुक्रमांक रिसीव्हर, नळी, बोल्टच्या मुठीची मागची बाजू, मागच्या साइटची पट्टी, नोजकॅप (नळीच्या तोंडाजवळची लोखंडी टोपी) आणि पुढच्या लाकडाचा खालचा भाग अशा ठिकाणी शोधायचा असतो. संग्राहकांमध्ये असा समज घट्ट रुजला आहे की सगळे क्रमांक जुळले म्हणजे रायफल अस्पर्शित आहे. हा समज घातक आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. संपूर्ण दुरुस्तीत जुळणी करणारा कारागीर क्रमांक जुळवूनच रायफल बाहेर पाठवतो. क्रमांक जुळणे हे चांगल्या दुरुस्तीचेच लक्षण असू शकते.

पहिल्या रायफलीचे सर्व क्रमांक जुळतात. पण रिसीव्हरवरील चारचा आकडा वरून उघडा आहे आणि नोजकॅप, बोल्ट व साइटवरील चार बंद आहे, म्हणजे पंचांचा संच वेगळा. पुढच्या लाकडाखाली तर जुना क्रमांक एका आडव्या रेघेने रद्द करून शेजारी नवा मारलेला आहे. ही रेघ मला महत्त्वाची वाटते. लपवायचे असते तर जुना क्रमांक घासून टाकला असता. सरकारी दुरुस्ती जुनी नोंद वाचता येईल अशी ठेवून नवी करते. विक्रीसाठी सजवणारा माणूस जुनी नोंद नाहीशी करतो. ही खूण रशियन मोसिन-नागांत रायफलींवरही अशीच ओळखली जाते. दुसऱ्या महायुद्धानंतर सोव्हिएत शस्त्रागारांनी त्या मोठ्या संख्येने दुरुस्त करून साठवून ठेवल्या, आणि त्यांच्या बोल्टवर व मॅगझिनच्या तळाशी रद्द केलेले जुने क्रमांक व रिसीव्हरशी जुळवलेले नवे क्रमांक आढळतात. त्यांच्या लाकडावर लालसर शेलॅकचा (लाखेचा) थर असतो आणि शस्त्रागाराची खूण म्हणून तिरप्या रेघेचा चौकोन असतो. खुणा देशादेशांच्या वेगळ्या, पण कामाची रीत तीच.

२७ मार्च

लाकूड. संस्थेचे नेहमीचे सुतार सोबत होते. सागावर सारे आयुष्य घालवलेल्या त्या माणसाने कुंद्याच्या रेषा पाहून ‘हे साग नव्हे’ एवढे क्षणात सांगितले. कुंदा अक्रोडाचा आहे, पुढचे लाकूड त्याहून फिकट आणि वेगळ्या वीणीचे आहे. मॅगझिनच्या पुढे लाकडातून आरपार जाणारा आडवा स्क्रू आहे, जो ईशापूरचा म्हणूनच ओळखला जातो. धक्क्याने लाकूड फाटू नये म्हणून तो घालत. तो नव्या रायफलींतही दिसतो आणि दुरुस्त केलेल्यांतही, म्हणून एकट्या त्याच्यावरून निष्कर्ष काढलेला नाही.

घासले गेलेले लाकूड ओळखायचे तर धातू आणि लाकूड जिथे मिळतात ती कड पाहावी. कारखान्यात लाकूड धातूपेक्षा केसभर उंच ठेवलेले असते. घासल्यावर ते खाली जाते आणि बटप्लेटची, म्हणजे कुंद्याच्या मागच्या टोकावरील पत्र्याची, कड बोटाला टोचते. दुसऱ्या रायफलीत नेमके हेच झाले आहे. तिचे निरीक्षणाचे ठसे जवळपास नाहीसे झाले आहेत, वरून जाड व्हार्निश आहे आणि बोल्ट व बटप्लेटला चमकदार मुलामा दिलेला आहे. मानवंदनेसाठी किंवा दर्शनी भिंतीसाठी केलेली ही सजावट आहे. तिच्यावर दुरुस्तीचा एकही ठसा नाही आणि नळी व रिसीव्हर एकाच काळातले आहेत. नोंदीत तिचे वर्णन ‘सेवेनंतर सजवलेली’ असे केले.

पहिलीच्या लाकडावर व्हार्निश नाही. आर्मररची रीत जवसाच्या तेलाची होती, आणि विदर्भात जवस घराघरांत ठाऊक असल्यामुळे सुतारांनी वासावरूनच ते ओळखले. तेल वर्षानुवर्षे मुरले की लाकूड आतपर्यंत गडद होते. एका जुन्या चरेत पाहिले तेव्हा कुंद्याचा गडदपणा खोल गेलेला दिसला, पुढच्या लाकडाचा मात्र वरवरचा आहे. कुंदा जुना आणि पुढचे लाकूड नंतरचे, हे रद्द केलेल्या क्रमांकाशीही जुळते. कुंद्याच्या मानेजवळ एक छोटे लाकडी ठिगळ इतक्या सफाईने बसवले आहे की रेषेला रेष मिळाली आहे. असे ठिगळ दिसले की मला त्या अनाम कारागिराबद्दल मनापासून आदर वाटतो.

१५ एप्रिल

उन्हाळ्याने एक सूचना दिली. वरच्या लाकडी आवरणाच्या आणि नळीच्या मधली फट जानेवारीत कागद जेमतेम सरकेल एवढी होती. आता तिथे जाड पोस्टकार्ड जाते. नागपूरच्या कोरड्या उन्हाळ्यात लाकूड आकसते आणि पावसाळ्यात फुगते. फटीवरून ‘लाकूड घासलेले आहे’ किंवा ‘लाकूड या रायफलीचे नव्हे’ असे ठरवायचे असेल, तर तपासणीचा महिना लिहून ठेवल्याशिवाय ते माप निरुपयोगी आहे. सर्व मापांपुढे महिना आणि दालनातील आर्द्रता लिहिण्याचा रकाना वाढवला. लाकडाच्या निष्कर्षांना यापुढे ठशांच्या निष्कर्षांपेक्षा कमी वजन दिले जाईल.

६ मे

पहिल्या रायफलीबद्दलचा अहवाल विश्वस्तांपुढे ठेवला. एका ज्येष्ठ विश्वस्तांचे म्हणणे असे पडले की काळा रंग खरवडून खालचे पोलाद उघडे करावे आणि नव्याने ब्लूइंग करून रायफल १९४२ सालची दिसेल अशी मांडावी. लोकांना महायुद्धातील रायफल पाहायची असते. त्यांची तळमळ खरी आहे, पण मी या सूचनेला ठाम विरोध केला. तसे केले तर १९५४ चे खरे काम नष्ट होईल आणि त्याच्या जागी २०२५ ची नक्कल उभी राहील. शिवाय चपटा झालेला मुकुट आणि खड्डे खरवडूनही परत येणार नाहीत. १९४२ साली ब्रिटिश भारताच्या सैन्यासाठी बनलेली, प्रजासत्ताक झाल्यावर त्याच कारखान्यात नवी नळी आणि नवे लाकूड घेऊन परत सेवेत गेलेली रायफल ही मूळ अवस्थेतील रायफलीपेक्षा कमी मोलाची कशी ठरते? १९६२ च्या युद्धात आपल्या जवानांच्या हाती मुख्यतः .३०३ च होत्या, आणि राज्यांच्या पोलीस दलांनी त्या त्यानंतरही कित्येक वर्षे वापरल्या. हे शक्य झाले ते याच दुरुस्तीमुळे. चर्चा लांबली, पण रंगाला हात लावायचा नाही, यावर शेवटी सर्वांची संमती झाली.

१३ मे

नोंदवहीत पहिल्या रायफलीची जुनी ओळ एका रेघेने रद्द केली, ती वाचता येईल अशी ठेवली आणि खाली पुढीलप्रमाणे नोंद केली: ‘रिसीव्हर ईशापूर १९४२. नळी १९५३, सिंहमुद्रांकित. कारखान्यात संपूर्ण दुरुस्ती, ठसा एफआर ५४. क्रमांक दुरुस्तीच्या वेळी जुळवलेले. कुंदा आधीचा, पुढचे लाकूड बदललेले. लेप फॉस्फेटवर काळा रंग. निष्कर्षाची खात्री : उच्च.’ दालनातील फलकाचा मजकूर याच नोंदीवरून तयार होईल.

तिसऱ्या रायफलीचे क्रमांक एकाच संचाचे आहेत, लेप पातळ ब्लूइंगचा आहे, खड्डे त्या लेपानंतरचे आहेत आणि दुरुस्तीची खूण नाही. तरीही तिच्या नळीच्या मुळाशी ग्रीस इतके घट्ट बसले आहे की ठसे वाचता येत नाहीत. ते वाचल्याशिवाय तिच्यापुढे काहीही लिहिणार नाही. पावसाळ्याआधी सुभेदार साहेब पुन्हा येणार आहेत. तेव्हा छायाचित्रे घेऊन, त्यांच्या देखरेखीखाली, लाकडी काडीने ते ग्रीस काढायचे ठरले आहे.